ऐब सांगायचा तर आधी सापडायला हवा

वस्तू विकताना तिचा ऐब लपवायचा नाही, हे आमच्या घरात पोराटोरांनाही माहीत आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा व्यापाऱ्याला दाखवणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आम्ही मकतबात असल्यापासून ऐकत आलो. पण त्या व्यापाऱ्याला धान्य पावसाने भिजल्याचं ठाऊक होतं. आमची अडचण निराळी होती. अंगणातल्या गाडीत काहीतरी बिघडलेलं होतं, रोज जाणवत होतं, आणि ते नेमकं काय हे सांगणारा माणूस भेटत नव्हता.

गाडी भाच्याची. नोकरीसाठी कतारला जाताना त्याने चावी आमच्या हातात ठेवली आणि बरी किंमत आली की विकून टाका म्हणाला. म्हणजे ती अमानत झाली. टर्बो पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, दिसायला छोटी आणि पळायला जबरदस्त. अहमदाबाद महामार्गावर लागली की तक्रारीला जागा नाही. पण गासच्या रस्त्यांवर ताशी दहा-वीसच्या वेगात ती चालवणं म्हणजे शिक्षा. दुसऱ्या गिअरमध्ये एक्सिलेटर हलकेच दाबला तर आधी काहीच नाही, आणि मग एकदम उडी. मागच्या सीटवरून अम्मी म्हणायच्या, "यापेक्षा बैलगाडी बरी." आम्ही हसायचो, पण एका बाजूला वाडीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला शाळेतून सुटलेली मुलं आणि समोर भाजीच्या पाट्या लादलेली स्कूटर अशा जागी गाडीने आपल्या मनाने हातभर पुढे जाणं हसण्यासारखं नव्हतं.

गिऱ्हाईकही लांबचं नव्हतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा मुलगा, आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला. नाताळचा केक आणि ईदचा शीरखुर्मा या दोन घरांत कित्येक वर्षं इकडून तिकडे जातो. एका गॅरेजवाल्याने क्लच गेल्याचं सांगून चाळीस हजारांचा अंदाज दिला. दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली. जुन्या गाड्यांचा एक दलाल तर म्हणाला, "गिऱ्हाइकाला हायवेवर न्या, गल्लीत दाखवूच नका." 'जशी आहे तशी' असं कागदावर लिहूनही मोकळं होता आलं असतं. पण रोज मानेला बसणारा झटका त्या तीन शब्दांत गुंडाळणं आम्हाला पटेना. घेणारा आणि देणारा दोघे खरं बोलले, दोष उघड केला, तरच व्यवहारात बरकत असते, अशीही हदीस आहे.

मग आम्ही दोघांनी काम वाटून घेतलं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून वहीत लिहायचं. चार दिवसांत वही बोलू लागली. इंजिन थंड असो की गरम, झटका तोच. एसी लावला की जास्त. पाय उचलून पुन्हा ठेवला की सर्वांत वाईट. क्लच पूर्ण सोडल्यानंतरही झटका येतो, आणि चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात तसा वेगही वाढतो. क्लच घसरत असता तर फेरे वाढले असते, वेग नाही. चाळीस हजार तिथेच वाचले. प्लग किंवा कॉइल गेली असती तर इंजिनावर भार आला की ते जास्त अडखळलं असतं, महामार्गावर तक्रार आधी दिसली असती.

पूर्वी एक्सिलेटरची तार थेट इंजिनापर्यंत जायची. आता पायाखाली दोन सेन्सर असतात, एकमेकांवर नजर ठेवणारे. ते संगणकाला सांगतात आणि हवेची झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. सावकाश जाताना ही झडप जेमतेम काही अंश उघडी असते. तेव्हा थोडी जरी हवा हिशेबाबाहेरून आत शिरली तरी सगळं गणित ढळतं. झडप पूर्ण उघडली की तेवढ्याच हवेची किंमत समुद्रात ओंजळ ओतल्याएवढी.

ओळखीच्याकडून स्कॅनर आणला. गाडी नुसती चालू ठेवली तर संगणक हिशेबापेक्षा 18 टक्के जास्त पेट्रोल देत होता. फेरे 2500 वर नेले की हा आकडा 4 वर उतरायचा. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सगळ्या दुखण्यांचं खापर पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलवर फोडायचा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेजची कुरकुर खरी आहे. पण दोष त्याचा असता तर आकडा दोन्हीकडे चढलेला दिसला असता. फक्त सावकाश चालताना चढतो याचा अर्थ कुठून तरी न मोजलेली हवा आत जाते आहे.

नालासोपाऱ्यातल्या एका मिस्त्रीकडे धुराचं यंत्र होतं. हवेच्या मार्गात त्याने धूर सोडला आणि इंजिनाच्या मागच्या अंगाने, हात पोहोचणार नाही अशा जागी, बारीक रेघ वर आली. इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारा रबरी पाईप नखाएवढा चिरलेला. सावकाश चालताना इंजिन त्या चिरेतून हवा ओढायचं. टर्बोचा दाब वाढला की त्या मार्गातली एकतर्फी झडप आपोआप मिटायची, म्हणून महामार्गावर काही कळायचं नाही. दलालाचा सल्ला किती नेमका होता, ते तेव्हा समजलं.

पाईप बदलला, झडपेवरची काजळी पुसली, संगणकाला नव्याने हिशेब शिकवला. 18 चे 3 झाले. उडी गेली.

पण पाय उचलून ठेवला की खालून 'धप्प' अजून यायचंच. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, बोनेट उघडं ठेवून क्लच किंचित सोडला, तर इंजिन बोकडासारखं मान उडवत होतं. (हे करताना गाडीच्या समोर कुणाला उभं करू नये.) इंजिनाचं खालचं माउंटिंग फाटलेलं. सनसिटी-गास रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो, पाणी ओसरल्यावर खड्डे उरतात, त्यांना दोष देणं सोपं होतं. पण रबर वयानेही फाटतं.

शेजारच्या मुलाला आम्ही गल्लीतच फिरवलं. वही हातात दिली, जुना पाईप दाखवला, माउंटिंग बाकी असल्याचं सांगितलं. त्याने त्याची किंमत विचारली आणि तेवढे पैसे कमी करून मागितले. अमानतीत आमच्या मनाने सूट देता येत नव्हती, म्हणून कतारला फोन लावला. भाचा थोडा चिडला. "मामू, एवढं सगळं सांगायची काय गरज होती?" आम्ही म्हणालो, तू गासमध्ये परत येणार आहेस ना? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "द्या."

माउंटिंग मागवलं आहे. ते येईपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय सावकाश ठेव, असं त्या मुलाला सांगितलंय. ठेवतो तो, निदान आमच्या दारावरून जाताना.