कोव्हच्या धक्क्यावर

कोव्हचं पोट टायटॅनिकवर चालतं. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे लहानसं बंदर कॉर्क शहरापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत येतं, आणि उतरल्यापासून जिकडे पाहावं तिकडे त्या एका बोटीचं नाव. व्हाइट स्टार लाइनच्या जुन्या कचेरीत आता संग्रहालय आहे. तिथे आत शिरताना हातात जे तिकीट पडतं त्यावर टायटॅनिकच्या एका खऱ्या प्रवाशाचं नाव असतं; तो वाचला की बुडाला, हे शेवटी कळतं. माझ्या पुढे असलेली एक शाळकरी मुलगी 'आपली' बाई वाचली म्हणून टाळ्या पिटत होती. तिचा काय दोष? पण मला तो सगळा प्रकार लॉटरीच्या सोडतीसारखा वाटला.

गंमत म्हणजे टायटॅनिक या धक्क्याला कधी लागलीच नाही. 11 एप्रिल 1912 रोजी ती बंदराच्या तोंडाशी, रोशेस पॉइंटजवळ नांगर टाकून जेमतेम दोन तास थांबली. गावाचं नाव तेव्हा क्वीन्सटाउन होतं. 1849 मध्ये व्हिक्टोरिया राणी येऊन गेली तेव्हा ते बदललेलं, आणि पुढे स्वातंत्र्याच्या धामधुमीत गावाने ते टाकून दिलं. 'आयर्लंड' आणि 'अमेरिका' अशा नावांच्या दोन लहान बोटींनी इथून 123 प्रवासी तिच्यापर्यंत पोचवले.

मला चढलेल्यांपेक्षा उतरलेल्यांच्या गोष्टी जास्त आवडल्या. फ्रान्सिस ब्राउन नावाचा पाद्री होऊ घातलेला तरुण इथपर्यंतच्याच तिकिटावर आला होता. बोटीवर ओळख झालेलं एक श्रीमंत अमेरिकन जोडपं त्याला स्वखर्चाने न्यूयॉर्कला न्यायला तयार झालं. त्याने तारेने वरिष्ठांची परवानगी मागितली. उत्तर आलं ते उतरण्याच्या हुकमाचं. तो निमूट उतरला, कॅमेऱ्यासकट. टायटॅनिकच्या त्या प्रवासाचे जे फोटो आज जगभर छापले जातात, त्यांतले कितीतरी त्याचेच. आणि भट्टीवर काम करणारा, मूळचा इथलाच एक पोरगा टपालाच्या थैल्यांआड लपून पसार झाला. बहुधा फुकटात घरी यायचं एवढाच त्याचा बेत असावा.

कचेरीमागे पाण्यात जुन्या लाकडी धक्क्याचे काळे पडलेले खांब उभे आहेत. गावाची खरी गोष्ट इथली, पण तिला फारसं गिऱ्हाईक नाही. 1848 ते 1950 या काळात सुमारे साठ लाख माणसं आयर्लंड सोडून गेली, त्यांतली पंचवीस लाख या एका बंदरातून. आधी बटाट्याच्या दुष्काळाने, मग नुसत्या गरिबीने. मुलगा निघाला की आदल्या रात्री घरात प्रेताला राखण बसावी तसं सगळं गाव जागायचं; त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. जाणारा जिवंत, पण पुन्हा भेटायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक.

त्या पंचवीस लाखांच्या वतीने धक्क्याजवळ ॲनी मूर पुतळा होऊन उभी आहे, दोन धाकट्या भावांना घेऊन. ही कॉर्कची मुलगी 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या नव्या स्थलांतर केंद्रात पहिली उतरली, म्हणून तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. पुढे कित्येक वर्षं तिची म्हणून जी कहाणी सांगितली जात होती, ती भलत्याच, टेक्सासच्या एका ॲनी मूरची निघाली. खरी ॲनी मॅनहॅटनच्या दाट वस्तीत संसार करत, पोटची कितीतरी लेकरं पुरत, 1924 मध्ये गेली.

गावाबाहेर, चढावर, जुनं कब्रस्तान आहे. तिथे क्रूझवरचे लोक सहसा येत नाहीत, कारण चालावं लागतं. 7 मे 1915 रोजी किन्सेलजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' बुडवली. अठरा मिनिटांत खेळ आटोपला, सुमारे बाराशे माणसं गेली. बचावलेले आणि मेलेले, दोन्ही क्वीन्सटाउनच्या धक्क्यावर उतरवले गेले. लोकांनी घरं उघडली. बोट कंपनीच्या कचेरीतसुद्धा प्रेतं ठेवावी लागली, नातेवाईक चेहरे शोधत फिरू लागले. 10 तारखेला दुकानं बंद ठेवून गाव अंत्ययात्रेला लोटलं. दीडशेहून जास्त जण इथे पुरलेले आहेत, बरेचसे तीन मोठ्या सामूहिक कबरींत, आणि कित्येकांची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. आज त्यावर नुसती हिरवळ आणि दगड आहेत. टायटॅनिकने या गावाकडून माणसं नेली, लुसिटानियाची माणसं या गावाने ठेवून घेतली. माझ्या लेखी कोव्हचा मोठेपणा या दुसऱ्या हिशेबात आहे. तिकीट मात्र पहिल्याचं खपतं.

उतरून आल्यावर धक्क्यावरच्या बाकावर एका आजोबांनी कुठून आलात म्हणून विचारलं. मुंबई म्हटल्यावर ते टायटॅनिकबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. समोरच्या हॉलबोलिन बेटावरच्या नौदलाच्या तळाकडे बोट करून म्हणाले, "त्या वेळी आमची 'आशलिंग' तिथूनच गेली होती." 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने कोसळलं, 329 जण गेले. 'आशलिंग' ही आयरिश नौदलाची बोट शोधकार्यात पुढे होती. 131 मृतदेह मिळाले, ते कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले. पश्चिमेला आहाकिस्टा गावात स्मारक आहे, आणि तिथे दरवर्षी त्या सकाळी नातेवाइकांच्या बरोबरीने गावकरीही उभे राहतात.

"तुमच्याच गावी निघालं होतं ना ते?" आजोबांनी विचारलं.

मी म्हटलं, लंडन, दिल्ली आणि मग मुंबई.

ते "हं" म्हणाले. मग रविवारी कॉर्कचा हर्लिंगचा सामना होता, त्याबद्दल बोलत राहिले. माझी गाडी चुकेल हे मी दोनदा सांगून पाहिलं.