खडू कुठे थांबतो

प्रिय अनंतराव,

मॉरिस काँतँ द ला तूरने राजाच्या मर्जीतली बाई आणि ऑपेरातली नर्तकी एकाच पंक्तीला बसवल्या, म्हणून त्याच्या पेस्टल चेहऱ्यांत तुम्हाला फ्रेंच राज्यक्रांतीची चाहूल लागते. निरीक्षण खरं, निष्कर्ष मला पटत नाही. साँ-काँतँ या त्याच्या जन्मगावच्या संग्रहालयात त्याची तयारीची चित्रं आहेत. त्यांत राजाच्या मर्जीतली मादाम द पॉम्पादूर आहे, प्युविन्ये ही नर्तकीही आहे. चेहरे तेवढे रंगवलेले, गालांवर खडूचे फटकारे न पुसता तसेच ठेवलेले. नावाच्या पाट्या झाकल्या तर दरबारी कोण आणि नाचणारी कोण, हे ओळखणं अवघड. पण ही समता खडू गळ्याशी थांबल्यामुळे आलेली आहे.

तीच पॉम्पादूर लूव्रमध्ये पाहा. १७५५च्या सालों या चित्रप्रदर्शनात मांडलेलं हे पेस्टल सुमारे पावणेदोन मीटर उंच आहे. चेहरा वेगळ्या कागदावर काढून मोठ्या चित्रात बसवलेला. दर्जा सांगण्याचं काम त्या चेहऱ्याभोवतीच्या पसाऱ्याकडे आहे: नक्षीदार रेशमी झगा, हातात स्वरलिपीचे कागद, मेजावर मॉन्तेस्क्यूचा ग्रंथ आणि फ्रेंच विश्वकोशाचा चौथा खंड. त्याच विश्वकोशाचे पहिले दोन खंड सरकारने १७५२मध्ये दडपले होते! अंगावर दागिना नाही. बाई जन्माने प्वासाँ, म्हणजे पैशाच्या व्यवहारातल्या घरची. मिरवावं असं कूळ नव्हतं, तेव्हा ग्रंथ मिरवले. आणि राजाच्या महालात राहून दागिने न घालणं ही ऐटच म्हणायची.

तुम्ही म्हणाल, चेहऱ्यावरही वर्ग असतोच. दरबारातला गालांवरचा भडक लाल रंग, केसांची पावडर. असतो, पण तोही वरून चढवलेलाच, आणि रंगमंचावरच्या बायकाही तो चढवत.

तुम्ही दिलेला चित्रकार कारमाँतेलचा दाखला अधिक बळकट आहे. चांभाराचा हा मुलगा ऑर्लेआँच्या ड्यूककडे नोकरीला होता. पाहुण्यांपासून नोकरांपर्यंत जवळजवळ सगळ्यांना त्याने एकाच बाजूने, नाकाची कड दाखवत काढलं, आणि ती चित्रं विकली नाहीत. इथे गिऱ्हाइकाची खुशामत नाही, हे मान्य. तरी तो बहुतेकांना नखशिखांत काढतो, त्यामुळे बसण्याची ढब, कोटाचं कापड, हातातली वस्तू सगळं कागदावर उतरतं आणि नोकर नोकरच दिसतो. ला तूरपेक्षा त्याचं मन कोतं होतं असं नव्हे. त्याचा खडू पायांपर्यंत गेला, एवढंच.

तुमचा स्नेही