काचेवरचे दहिवर

आमच्या मोटारीचे वय 19. पावसाळ्यात तिच्या काचा आतून अशा धुरकटत, की खंडाळ्याच्या घाटात पुढचा ट्रक आवाजावरूनच ओळखावा! मागे मुले बसलेली, सौ. पदराने काच पुसताहेत. "अहो, तुमच्या व्याख्यानांची वाफ ही!" असे त्यांचे निदान.

मिस्त्रीने आधी हुंगून पाहिले. कूलंटचा गोडसर वास नाही, काचेवर चिकट थर नाही. म्हणजे हीटर गळत नव्हता. मग त्याने पायाखालचा गालिचा उचलला. खाली तळे! एअरकंडिशनरचे पाणी बाहेर सोडणारी नळी मातीने तुंबलेली. तेच पाणी गालिच्यात मुरे, त्याची वाफ होई आणि ती पावसाने गारठलेल्या काचेवर दहिवर होऊन बसे.

नळी मोकळी व्हायला पाच मिनिटे पुरली. गालिचा मात्र श्रावणातल्या उन्हात चार दिवस वाळत होता. तेवढ्यात शेजारच्या मांजरीने तो आपलासा केला.