पाव्हियाचीं काळीं झाडें

पाव्हिया हें नांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. इटलीस जाणारा प्रवासी रोम पाहतो, व्हेनिस पाहतो, फ्लॉरेन्सचीं चित्रें पाहून थकतो आणि मिलानहून विमानानें घरीं परततो. मिलानच्या दक्षिणेस अवघ्या पस्तीस किलोमीटरांवर, तिचिनो नदीच्या कांठीं हें जुनें विद्यापीठाचें गांव वसलेलें आहे. आगगाडीनें जाण्यास अर्धा तास पुरतो. तरी मुद्दाम तेथें उतरणारा आपल्याकडील मनुष्य विरळाच. आम्ही उतरलों तें देवळें-राजवाडे पाहण्याच्या हौसेनें नव्हे. निघतांना आमच्या वहिनींनीं एक प्रश्न शिदोरीसारखा बरोबर बांधून दिला होता. त्याच्या पाठीं लागून आम्ही तेथवर गेलों.

प्रश्नाची हकीकत अशी. २०२५ सालच्या आरंभीं पुण्यास सिंहगड रस्त्याच्या अंगास गीयाँ-बारे नांवाच्या विकाराची साथ आली. निश्चित व संशयित मिळून दोनशेहून अधिक रोगी झाले. वहिनी त्यांतल्याच एक. पोट बिघडल्याचें निमित्त झालें, तें चार दिवसांत थांबलें, आणि मग एके सकाळीं देवघरांतून उठतांना त्यांचे पायच उठेनात. दुसऱ्या दिवशीं हातांतला पेला सुटला. डॉक्टरांनीं गुडघ्याखालीं रबरी हातोडी मारून पाहिली. पाय जागचा हलला नाहीं. दुसऱ्या पायाचेंही तेंच. "तार शाबूत आहे, तारेवरचें वेष्टन खरवडलें गेलें आहे. भरून येईल, पण वेळ लागेल," असें ते म्हणाले. पांच दिवस शिरेवाटे औषध चाललें. विकार छातीपर्यंत चढून श्वास अडेल कीं काय, ह्या धास्तींत घरांतल्या पुरुषमाणसांनीं बाहेरच्या बांकावर आळीपाळीनें अकरा रात्री काढल्या. चार पिढ्यांच्या आमच्या घरांत त्या अकरा दिवसांत चूल पेटली, पण जेवणास कोणी कोणास हांक मारली नाहीं.

सप्टेंबरांत वहिनी काठीच्या आधारानें चालूं लागल्या. त्यांचा मुलगा मिलान येथें विद्युत्-अभियांत्रिकी शिकतो, त्यास भेटण्यास आम्ही उभयतां निघालों, तेव्हां त्या म्हणाल्या, "भावोजी, 'पाय उचल' असा हुकूम मी मनांत देत होतें, तो निघत होता हें मला कळत होतें. मग वाटेंत तो अडकला कोठें? आंत जें जातें, तें जातें तरी काय?" आम्ही कांहीं वैद्यकी शिकलेलों नाहीं. परंतु ज्या माणसांनीं हाच प्रश्न प्रथम विचारला तीं इटलींतलींच, इतकें ठाऊक होतें.

पहिला धागा बोलोन्यास आहे. आर्किजिन्नाझिओ ह्या जुन्या विद्यापीठवास्तूजवळच्या चौकांत लुईजी गॅल्वानी ह्यांचा पुतळा आहे. हातांत फळी, फळीवर बेडूक आणि दृष्टि त्यावर खिळलेली. विजेची ठिणगी पडतांच मेलेल्या बेडकाची तंगडी झटका देते, आणि पितळी आंकडा लोखंडी गजास टेकला तर ठिणगीवांचूनही देते, हें पाहून गॅल्वानींनीं १७९१ सालीं जाहीर केलें कीं, प्राण्याच्या अंगांतच वीज असते. पाव्हियाचे प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा ह्यांस हें आधीं पटलें, मग पटेनासें झालें. त्यांचें म्हणणें, वीज दोन भिन्न धातूंच्या स्पर्शांतून येते. बेडूक बिचारा ती नुसती दाखवितो. त्यावर गॅल्वानींच्या पक्षानें धातूच वगळले: मज्जातंतूचें कापलेलें टोंक सरळ स्नायूस लाविलें, तरीही तंगडी उडाली. व्होल्टांनीं आपली बाजू सिद्ध करण्यासाठीं चांदी व जस्त ह्यांच्या चकत्यांत मिठाच्या पाण्यानें भिजविलेले पुठ्ठे घालून चळत रचली आणि १८०० सालीं जगास पहिली बॅटरी मिळाली. तोंवर गॅल्वानी वारले होते; नव्या राजवटीची शपथ घेण्याचें नाकारल्यामुळें १७९८ सालीं त्यांची जागाही गेली होती. वाद दोघांनींही जिंकला असें आज म्हणावें लागतें. पण पुतळ्याच्या पायथ्याशीं आइस्क्रीम खात बसलेल्या पोरांस त्याचें काय!

व्होल्टांचा पुतळा पाव्हियाच्या विद्यापीठाच्या चौकांत आहे. आम्ही गेलों त्या दिवशीं कोणाकोणास पदवी मिळाली होती. डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ घातलेल्या मुली व त्यांच्या गळ्यांत पडणाऱ्या आज्या ह्यांनीं सारा चौक भरून गेला होता. सौ. तेथून हलेना. "मुंजीसारखें दिसतें," असें तिचें मत पडलें. त्याच चौकाला लागून विद्यापीठाच्या इतिहासाचें संग्रहालय आहे. तेथें आन्तोनिओ स्कार्पा ह्या थोर शरीरशास्त्रज्ञाचें खरेंखुरें डोकें कांचेच्या भांड्यांत ठेविलेलें आहे. हृदयाकडे जाणारे मज्जातंतु ज्यानें १७९४ सालीं अप्रतिम चित्रांनीं दाखविले, त्याच्या मस्तकाची ही संभावना पाहून आम्हांस बरें वाटलें नाहीं. विद्येचा आदर करण्याचे दुसरेही मार्ग असावेत.

तेथल्या एका बांकावर बसून पुतण्यानें आईच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा केला. "काका, तांब्याच्या तारेशीं तुलना करूं नका," हें त्याचें पहिलें वाक्य. तंतूच्या आंत व बाहेर खारें पाणीच असतें, परंतु बाहेर सोडियम फार व आंत पोटॅशियम फार. आणि स्वस्थ असतां आंतली बाजू बाहेरच्यापेक्षां व्होल्टच्या सुमारें सत्तर सहस्रांशांनीं ऋण असते. तंतूच्या पातळ भिंतींत सूक्ष्म दारें आहेत. संदेश आला कीं सोडियमचीं दारें उघडतात, धनभारित कण आंत घुसतात, आंतली बाजू क्षणभर धन होते. त्या धक्क्यानें शेजारचीं दारें उघडतात. इकडे पहिल्या जागीं पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिति येते, ती जवळ जवळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे हा प्रवाह नव्हे. फटाक्याच्या वातीवरून ठिणगी सरकते तसें हें सरकणें. वातीच्या शेवटीं ठिणगी लहान होत नाहीं, तसा हा संदेशही वाटेंत विरत नाहीं. फरक इतकाच कीं वात जळून जाते आणि तंतु पुन्हां ताबडतोब सज्ज होतो. हें मोजण्याचें श्रेय इंग्लंडांतील हॉजकिन व हक्स्ली ह्या दोघांस आहे. १९३९ सालीं प्लिमथ येथील समुद्रकांठच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं माकुल नांवाच्या जलचराच्या जाड तंतूच्या आंत बारीक नळी घालून तो धक्का प्रथम मोजला, आणि मध्यें महायुद्ध होऊन गेल्यावर १९५२ सालीं दारांच्या उघडझापीचें गणित प्रसिद्ध केलें.

परंतु उघड्या तंतूवरून ही ठिणगी सेकंदास मीटरभराच्या आसपासच सरकते. पायाच्या बोटापर्यंत हुकूम जाण्यास इतका वेळ लागता, तर माणसाचें चालणें कठीण होतें. म्हणून मोठ्या तंतूंवर मेदाचें वेष्टन गुंडाळलेलें असतें व मध्यें मध्यें बारीक फटी सोडलेल्या असतात. वेष्टनाखालून धक्का झपाट्यानें पुढील फटीशीं पोंचतो, तेथें नवा होतो, पुन्हां पुढें जातो. ओढ्यांतल्या दगडांवरून उड्या मारीत जावें तसा. असे तंतु सेकंदास शंभर मीटरांपर्यंत संदेश नेतात. वेष्टन गेलें कीं धक्का वाटेंतच पाझरतो आणि पुढील फटीशीं दार उघडण्याइतका उरत नाहीं. वहिनींचा हुकूम अडकला तो येथें. त्यांच्याच रक्तांतले रक्षक वेष्टनास शत्रु समजून त्यावर तुटून पडले होते. पुतण्या हें सर्व सांगत असतां एकदांही 'आई' म्हणाला नाहीं. 'रोगी' म्हणत होता.

संग्रहालयांत कामिलो गॉल्जी ह्यांच्या स्मृतीचें दालन आहे. त्यांनीं केलेले मेंदूचे काप तेथें जपून ठेविले आहेत. गॉल्जी १८४३ सालीं डोंगरांतल्या एका खेड्यांत जन्मले व पाव्हियास वैद्यक शिकले. पुढें आब्बियातेग्रास्सो ह्या गांवीं असाध्य रोग्यांच्या आश्रमांत वैद्य म्हणून त्यांस जावें लागलें. प्रयोगशाळा नव्हती, तेव्हां तेथल्या स्वयंपाकघरांतच त्यांनीं सूक्ष्मदर्शक मांडला. (हें ऐकून सौ.नें आमच्याकडे अर्थपूर्ण पाहिलें. आमच्या लेखनाचे कागद तिच्या ओट्यावर पसरलेले असतात, त्याबद्दल पुष्कळदां बोलणें झालें आहे.) मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्यें कठीण करावयाचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्यें ठेवावयाचा. १८७३ सालीं ह्या रीतीनें त्यांस जें दिसलें तें त्यापूर्वीं कोणासही दिसलें नव्हतें. पिवळ्या पार्श्वभूमीवर एकेक पेशी तिच्या सर्व फांद्यांसह शाईसारखी काळी. आणि गंमत अशी कीं शेंकडा एखाद-दुसरीच पेशी रंगते, बाकीच्या अदृश्य राहतात. सर्वच रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. निबिड अरण्यांतलीं चार-दोनच झाडें मुळांपासून शेंड्यापर्यंत दिसावीं आणि बाकीचें अरण्य लुप्त व्हावें, तसा हा प्रकार. मनुष्याच्या मेंदूंत अशा सुमारें ८,६०० कोटी पेशी आहेत.

येथपर्यंत गॉल्जींची दृष्टि अचूक. पुढें मात्र ते असें मानीत कीं ह्या पेशींच्या लांब शेपट्या एकमेकींत मिळून सर्व मेंदूभर एकच अखंड जाळें झालेलें आहे. माद्रिद येथें १८८७ सालीं सांतियागो रामोन इ काहाल ह्या स्पॅनिश प्राध्यापकानें त्यांच्या पद्धतीचे काप पाहिले आणि तो त्यांच्या नादीं लागला. त्यानें एक युक्ति केली. प्रौढ प्राण्यांतील वेष्टनामुळें रंग नीट चढत नाहीं, म्हणून त्यानें वेष्टन येण्यापूर्वींचे, अंड्यांतले व नुकते जन्मलेले जीव घेतले. त्यास दिसलें तें असें: फांदी दुसऱ्या पेशीपर्यंत जाते, तीस बिलगते, पण मिळून जात नाहीं. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, आणि संदेश एकीकडून आंत येतो व शेपटीवाटे बाहेर जातो. मृत तुकड्यांकडे पाहून त्यानें आपल्या आकृत्यांत बाण काढले, ते आजही बहुतेक तसेच मानले जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें १९५० नंतरच्या दशकांत दोहोंमधली फट प्रत्यक्ष दिसली. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतला एक, एवढी ती रुंद. ठिणगी ती ओलांडीत नाहीं. अलीकडची पेशी एखादें रसायन सोडते, पलीकडची तें ओळखते आणि पेटते. किंवा, रसायन निराळें असल्यास, गप्प राहते.

ही गप्प राहण्याची गोष्ट आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली. डॉक्टरांची हातोडी गुडघ्याखालीं बसते तेव्हां मांडीचा स्नायु किंचित् ताणला जातो. त्याची वर्दी पाठीच्या कण्यांतल्या रज्जूपर्यंत जाते, तेथें एकच फट ओलांडून मांडीच्या स्नायूच्या पेशीस मिळते आणि पाय उडतो. पण त्याच वर्दीची एक फांदी मधल्या एका छोट्या पेशीकडे जाते. ती पेशी मांडीच्या मागच्या स्नायूस गप्प बसविते. तसें न झालें तर पुढचा स्नायु ओढील, मागचाही ओढील, आणि पाय जागींच कांपेल. मेंदूस ह्यांतलें कांहीं विचारलें जात नाहीं. त्यास मागाहून कळतें. इतक्या थोड्या पेशींचें हें मंडल, आणि वहिनींचें तें त्या दिवशीं मुकें झालें होतें.

१९०६ सालीं गॉल्जी व काहाल ह्यांस नोबेल पारितोषिक वांटून देण्यांत आलें. ११ डिसेंबरास स्टॉकहोम येथें गॉल्जींनीं व्याख्यान दिलें, तें स्वतंत्र पेशींच्या मताविरुद्ध. दुसऱ्या दिवशीं काहालनें त्याच मताच्या बाजूचें दिलें. ज्यानें सर्वांस डोळे दिले त्यानें आपले मिटून घ्यावे, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. त्या दिवशीं तरी त्यांनीं मौन धरावयास हवें होतें. तथापि न्यायाची गोष्ट अशी कीं कांहीं पेशी एकमेकींस सूक्ष्म नळ्यांनीं जोडलेल्या असतात व ठिणगी थेट पलीकडे जाते, हें १९५९ सालीं एका गोड्या पाण्यांतल्या झिंग्यासारख्या प्राण्यांत सिद्ध झालें. पुढें तें इतरत्रही आढळलें. गॉल्जी १९२६ सालींच पाव्हियास वारले होते.

आब्बियातेग्रास्सोस जाण्यास वेळ उरला नाहीं. संध्याकाळीं तिचिनोवरील छप्पर असलेल्या पुलावर उभे राहिलों. जुना पूल १९४४ च्या बाँबवर्षावांत मोडला. हा १९५१ सालीं त्याच्याच धर्तीवर, किंचित् खालच्या अंगास बांधला आहे. तेथें पुतण्या प्रथमच म्हणाला, "आई आजारी होती तेव्हां मी येथें परीक्षेस बसलों होतों, काका. तुम्ही मला चार दिवस कळविलेंच नाहीं." आम्ही उत्तर दिलें नाहीं. निर्णय घरांतल्या वडील मंडळींचा होता, आणि त्यांत आम्हीही होतों.

घरीं परतल्यावर वहिनींस गॉल्जींच्या एका आकृतीचें छापील चित्र दिलें व जमेल तसें सर्व सांगितलें. त्यांनीं तें पुष्कळ वेळ पाहिलें. मग विचारलें, "आणि त्या दोघांचें पुढें पटलें का?"

"नाहीं."

"एकाच ताटांत जेवूनसुद्धां?" असें म्हणून त्यांनीं चित्र फळीवर डाळीच्या डब्यास टेकवून ठेविलें, काठी भिंतीशीं उभी केली आणि कठडा धरून माडीचा जिना चढूं लागल्या. गुडघ्याखालच्या हातोडीस डावा पाय अजून उत्तर देत नाहीं; उजवा गेल्या पंधरवड्यांत किंचित् उडूं लागला आहे. जिन्यास सतरा पायऱ्या आहेत. आम्ही खालीं उभे राहून त्या मोजीत होतों, आणि चुलीपाशीं सौ.ही मोजीत होती.