नळदुर्गची दुसरी गोधडी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की सुमारे 45 किलोमीटरवर नळदुर्ग येते. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्याचे हे गाव लोकांना किल्ल्यामुळे ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात आम्हीही मुलांना किल्ला दाखवायलाच निघालो होतो. आमच्या खाला तिथेच राहतात, म्हणून दोन दिवसांचा मुक्काम त्यांच्याकडे ठेवला.

या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा घातला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. बांधकाम दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातले, 1613 च्या सुमाराचे. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे वरून कोसळतात आणि आत महालात उभा असलेला माणूस कोरडाच राहतो. आमच्या धाकट्याने विचारले, "मग हे धरण आहे की महाल?" आम्ही म्हटले, "दोन्ही. एकाच भिंतीने दोन कामे केली आहेत."

दुपारी घरी आलो तेव्हा खाला मशीनवर बसल्या होत्या. त्या गोधड्या शिवून देतात. जुन्या साड्या, ओढण्या, लुंग्या, मुलांचे शाळेचे गणवेश असे सगळे गिऱ्हाईक घेऊन येते. खाला त्याचे चौकोन कापतात, मशीनवर जोडून वरचा पदर तयार करतात, मग आत जुने कापड घालून हाताने धावदोरा घालतात. व्यवहार साधा आहे. कापड गिऱ्हाइकाचे, धागा आणि मेहनत खालांची. म्हणजे वाया गेलेला प्रत्येक धागा त्यांच्या मजुरीतून जातो.

त्यांच्या सुईखाली सतत एक चिंधी अडकवलेली दिसत होती. आम्हाला वाटले, काढायची राहिली असेल. हात लावायला गेलो तर खाला ओरडल्या, "राहू दे बेटा, वही तो मेरी कमाई है!"

मग त्यांनी करून दाखवले. एक जोड शिवून झाला की आपण कापड ओढतो आणि धागा कापतो. कापडाला दोन बोटे शेपूट राहते, सुईला चार बोटे. शिवाय धागे दोन, वरचा आणि बॉबिनचा. म्हणजे एका जोडामागे वीतभर धागा केरात. एका गोधडीत 300 जोड धरले तर 200 फुटांहून जास्त धागा झाला. खाला तसे करत नाहीत. आधी चिंधीवर चार टाके घालायचे, तिच्या मागोमाग पहिली जोडी सरकवायची, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. मध्ये धागा कापायचाच नाही. तुकड्यांची माळ तयार होते. शेवटी पुन्हा एक चिंधी घालायची आणि तिच्या अलीकडे माळ कापून घ्यायची. चिंधी सुईखालीच राहते, पुढचे काम तिच्यावरूनच सुरू होते.

दुसरा फायदाही आहे. नुसत्या कापडाच्या कडेवर शिवण सुरू केली की पुष्कळदा धाग्याचा गुंता होतो आणि मशीन कापडाचे टोक खाली ओढून घेते. चिंधी असली की जो काही गुंता व्हायचा तो तिच्यावर होतो. करून बघणाऱ्यांनी टाका मात्र बारीक ठेवावा, नाहीतर माळ सुटी करताना कडेची शिवण उसवते.

काही दिवसांनी चिंधी टाक्यांनी भरून जाते. ती टाकून देणेही खालांना पटेना. मग त्यांनी चिंधीच्या जागी दोन लहान चौकोनच घालायला सुरुवात केली. दर वेळी एक जोड आपोआप होतो. तो डब्यात टाकायचा. गिऱ्हाइकाची गोधडी पुरी होता होता डब्यात दुसरी गोधडी वाढत असते. अमेरिकेतल्या बॉनी हंटर यांनी 2010 साली याच युक्तीवर एक पुस्तक लिहिल्याचे पुढे आम्हाला कळले. खालांना ते सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तिलाही धागा विकत घ्यावा लागत असेल."

ही काटकसर त्या कुठे शिकल्या, हे रात्री कळले. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा त्या माहेरी, सास्तूरच्या बाजूला होत्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे 10 हजार माणसे गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहताना मदतीच्या कपड्यांचे ढीग येत. अंगाला न येणारे कपडे फाडून बायका अंथरूण-पांघरूण शिवत. "कपडा बहुत था, धागा नै था," खाला म्हणाल्या. जुन्या कपड्यांची शिवण उसवून त्या दोरा काढत. तेव्हापासून धागा कापताना हात थांबतो.

आम्ही सहज विचारले, "खाला, डब्यातली गोधडी कितीला विकता?"

त्यांना ते आवडले नाही. "विकेन कशी? कापड माझे आहे का?"

काम पुरे झाले की त्या उरलेले तुकडे पिशवीत बांधून गिऱ्हाइकापुढे ठेवतात आणि विचारतात, नेता का? कुणी नेते, बहुतेक जण म्हणतात, राहू द्या. जे राजीखुशीने राहिले तेवढेच डब्याकडे जाते. उरलेले कापड शिवणाऱ्याचेच, असे आपण किती सहज धरून चालतो! खालांच्या लेखी तो तुकडा हातभर असो की बोटभर, तो अमानत आहे. म्हणून दुसऱ्या गोधडीला किंमत नाही. वस्तीत ज्या घरी बाळ जन्माला येते आणि पांघरुणाची अडचण असते तिथे ती जाते, मग ते घर कोणाचेही असो. धागा वाचतो तो खालांचा, त्याचे पैसे त्या हक्काने ठेवतात. कापड दुसऱ्याचे, ते तिसऱ्याला जाते.

इसराफ वाईट, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण वाचलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा पुढचा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता.

निघताना खालांनी डबा उघडून दाखवला. लुंगीच्या चौकटी, गणवेशाचा निळा, कुणाच्या लग्नातल्या ओढणीचा लाल, सगळे शेजारी शेजारी. अजून चारेक ओळी बाकी होत्या. शेजारच्या गल्लीतल्या सुनेला दिवाळीच्या आसपासचे दिवस होते, थंडी पडायच्या आत ती पुरी करायची होती.

घरी आल्यावर आम्ही मशीनवरची धूळ पुसली आणि सुईखाली एक चिंधी अडकवून ठेवली.