उतरवून पुन्हा उभे केलेले घर

चिचेस्टर, १२ मे

ती. बाबांस,


आज सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात गेले होते. आग्नेय इंग्लंडमधली जुनी घरे एकेक लाकूड सोडवून इथे आणली आहेत आणि पुन्हा उभी केली आहेत. त्यातले ‘बे-लीफ’ हे शेतकऱ्याचे घर पाहताना सारखी तुमची आठवण येत होती. मूळचे ते केंटमधल्या चिडिंगस्टोनचे, पंधराव्या शतकाच्या आरंभीचे.

घर चारखणी आहे. मधले दोन खण म्हणजे जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळे दालन. दोन्ही टोकांचे खण दुमजली, त्यांच्या माड्या खालच्या भिंतीच्या पुढे आलेल्या. छप्पर मात्र सगळ्यांवर एकच! त्यामुळे दालनासमोर वळचण पुढे येते, आणि तिला वाकड्या ओकच्या टेकूंनी पेलून धरले आहे.

दालनात जमिनीवरच उघडी चूल आहे. धुराडे नाही. धूर वर जाऊन छपरातूनच वाट काढतो, त्याने वासे काळे कुळकुळीत झालेत. खिडक्यांना काचा नाहीत, ओकचे उभे गज आणि झडपा आहेत. भिंती तर आपल्या कुडाच्याच म्हणा: काटक्यांचे विणकाम, वर माती, पेंढा आणि शेणाचा गिलावा. मी हात लावून पाहिला आणि थेट आजीच्या पडवीत पोचले.

१३ मे

बाबा, आज पुन्हा गेले ते शेजारच्या धान्याच्या कोठारासाठी. हे ससेक्समधल्या काउफोल्डचे, १५३६ सालचे. इथे पावसाचा नेम नाही, म्हणून खळेच छपराखाली घेतले आहे. बाजूच्या खणांत कापणीच्या पेंढ्या रचायच्या आणि हिवाळाभर मधल्या खणात थोडी थोडी मळणी करायची. वादीने जोडलेल्या दोन काठ्यांनी कणसे झोडपायची, मग समोरासमोरची मोठी दारे उघडून वाऱ्यावर उफणायचे.

एका सांध्यापाशी मी कितीतरी वेळ उभी होते. तुळईचे कुसू खांबाच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली. दोन्हींतली भोके मुद्दाम किंचित मागेपुढे पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आवळला जातो. ओक ओला असतानाच तासतात. तो वाळत जातो तशी पकड आणखी घट्ट होते. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहायचे, सांध्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरायचे, मग सोडवून जागेवर नेऊन उभा करायचे. असे घर उभे राहण्याआधीच एकदा जुळवलेले आणि सोडवलेले असते. म्हणूनच १९६०च्या दशकाअखेर जलाशयासाठी ‘बे-लीफ’ची जागा गेली, तेव्हा घर मोडावे लागले नाही, उतरवता आले.

काका गावचे घर यंदा पाडायचे म्हणतात ना? तेही खांब-तुळयांचेच आहे. कोणी घणाचा घाव घालण्याआधी प्रत्येक खांबावर, तुळईवर, वाशावर नंबर घालून घ्या आणि खणाखणाचे फोटो काढा. जागेचे आणि खर्चाचे मी आल्यावर बघू.

तुमची लेक