बोडी : सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव

प्रवासवर्णन लिहायला सांगितलं की बहुतेक वह्यांमध्ये डोंगर, झरे आणि सूर्यास्त येतात. मी आज ज्या गावाबद्दल लिहिते आहे तिथे झाडं जवळजवळ नाहीत, चहाची टपरी नाही, पेट्रोल पंप नाही आणि गावात राहणारी माणसंही नाहीत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, नेवाडाच्या सीमेजवळ हे गाव आहे. नाव बोडी.

माझी धाकटी बहीण सॅन होजेला असते. आमच्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनमध्ये बाबांना घेऊन मी तिच्याकडे गेले होते. बाबा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत उभी हयात जमिनीखाली राबले. आता वय झालंय, दम लागतो. बोडी समुद्रसपाटीपासून ८,३७५ फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ ३,००० फूट उंच. तिथली हवा विरळ, म्हणून त्यांना न्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी बाबाच म्हणाले, "समुद्र पाहून झाला, मोठा पूल पाहून झाला. खाण दाखवा मले." मग विषय संपला.

मेहुण्यांनी गाडीत तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसची शेगडी आणि पाण्याचे कॅन भरले. टायोगा खिंड हिवाळाभर बर्फामुळे बंद असते, ती नुकतीच उघडली होती. खिंड उतरून ली व्हायनिंग गावाजवळ ओढ्याकाठी मुक्काम केला. उंचीची सवय व्हावी म्हणून आधी एक रात्र तिथे. अस्वलांच्या भीतीने खाण्याचं सगळं सामान, अगदी टूथपेस्टसुद्धा, लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवायचं असा तिथे नियम आहे. ताडोब्याच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला याचं भारी हसू आलं. पण रात्री थंडी अशी पडली की सगळ्यांचं हसू पळालं.

सकाळी खाऱ्या मोनो सरोवराला वळसा घालून उत्तरेला निघालो. मोठा रस्ता सोडल्यावर १३ मैल आत जावं लागतं आणि त्यातले शेवटचे ३ मैल नुसता कच्चा, खडबडीत रस्ता. एका वळणानंतर उघड्या माळावर करड्या-तपकिरी लाकडी घरांचा पसारा एकदम समोर आला.

१८५९ मध्ये बोडी नावाच्या माणसाला इथे सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात गारठून मेला. गाव त्याच्या नावाचं, पण ते त्याने पाहिलंच नाही. १८८० च्या सुमारास इथे आठ-दहा हजार लोक होते असं सांगतात. साठाहून जास्त दारूचे गुत्ते होते. पुढे सोनं कमी झालं, तशी माणसंही पांगली. १९३२ च्या आगीत गावाचा बराच भाग जळाला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या आणि १९४२ मध्ये इथली शेवटची खाणही थांबली. १९६२ पासून हे सरकारी उद्यान आहे. शंभराहून जास्त इमारती शिल्लक आहेत. त्यांना रंग द्यायचा नाही, नवं रूप द्यायचं नाही, फक्त पडू द्यायच्या नाहीत, असं धोरण आहे. मला ते पटलं. रंगरंगोटी केली असती तर सिनेमाचा सेट झाला असता!

बाबा दहा पावलं चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. खनिज कुटायच्या गिरणीपाशी मात्र बराच वेळ उभे राहिले. आत वीस पोलादी मुसळं आहेत. ती दगडाचा भुगा करायची, मग पाऱ्याच्या साहाय्याने त्यातलं सोनं वेगळं काढायचे. १८९२-९३ मध्ये या गिरणीसाठी १३ मैलांवरच्या ओढ्यावर वीज तयार करून तारेने आणली होती. विजेला वळण घेता येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून खांब सरळ रेषेत रोवले, अशी गोष्ट तिथे सांगतात. बाबा म्हणाले, "एवढा आवाज रात्रंदिवस. बंद पडली तेव्हा लोकायले झोपच आली नसन."

मी शिक्षिका, त्यामुळे माझे पाय शाळेकडे वळले. काचेला नाक लावून पाहिलं. बाकं, फळा, पृथ्वीचा गोल, सगळ्यावर धूळ. शेजारच्या घरांत टेबल-खुर्च्या, दुकानाच्या फळ्यांवर माल तसाच. इथून खिळा किंवा दगडसुद्धा न्यायला बंदी आहे. नेला तर दुर्दैव मागे लागतं अशी दंतकथा आहे, आणि खरोखर लोक उचललेल्या वस्तू माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवतात. ती पत्रं संग्रहालयात ठेवली आहेत.

पण बाबांचं लक्ष हातातल्या नकाशाकडे होतं. त्यात घरं कोणाची, हे नावानिशी छापलंय. ते मला एकेक नाव वाचायला लावत होते. आमच्या कॉलनीतल्या क्वार्टरांना फक्त नंबर होते, आणि खाण बंद पडल्यावर तेही पाडले गेले.

संध्याकाळी तंबूसमोर शेकोटी पेटवली. बाबा घरी खाणीबद्दल कधी बोलत नाहीत. त्या रात्री अचानक म्हणाले, "वही आहे का वं तुझ्याजवळ? लिहून घे." त्यांच्या शिफ्टमधली माणसं ते एकेक करून सांगू लागले. नाव, गाव, कोण कशाने गेलं, कोणाची पोरं आता कुठे आहेत. दोघांची नावं काही केल्या आठवेनात, तेव्हा त्यांच्यापुढे "बल्लारपूरचा उंच" आणि "बासरीवाला" एवढंच लिहिलं. चंद्रपूरला परतल्यावर बाबांनी पहिला फोन त्या दोघांची नावं विचारायलाच केला. बासरीवाल्याचं नाव मिळालं. दुसऱ्याचं अजून शोधतो आहोत.